आठ किलो नऊशे

प्रिय सुतारीणबाई,

अक्षर ओळखून हे पत्र फाडायला घेतलं असशील, तर जरा थांब. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले; पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. मला काय हवंय ते आधीच सांगून टाकते: तू टीममध्ये परत यायला हवीस. विजेच्या गाड्यांच्या स्पर्धेला अकरा दिवस राहिलेत. तुझ्यावाचून गाडी धावेल, पण आपण जी गाडी करायला निघालो होतो ती ही नव्हे. बाकीचं हळूहळू सांगते, सगळं एकदम सांगायचा धीर नाही. आणि शेवट आधी वाचायची तुझी खोड आहे ना, ती आजचा दिवस आवर.

तर बातमी अशी की गाडी चालली. गेल्या सोमवारी वर्कशॉपच्या मागच्या आवारात आम्ही तिला बाहेर काढलं. कॅप्टन मोठ्या थाटात समोर उभा, हातात स्टॉपवॉच. गाडीत बसलेल्या बॅटरीवाल्याने पायाने पेडल अलगद दाबलं आणि गाडी सुसाट मागे गेली. पठ्ठ्याने मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या होत्या. मागे वर्कशॉपचे काका स्टुलावर चहा घेत बसलेले, आणि आपल्या गाडीला आवाज म्हणून नाही. ब्रेक लागता लागता ती त्यांच्या स्टुलाला हळूच टेकून थांबली. काका जागचे हलले नाहीत, एवढंच म्हणाले की येताना निदान खोकायचं तरी. कॅप्टनने त्या धावेची वेळ वहीत लिहून ठेवलीय, पुढे उणे चिन्ह घालून.

शुक्रवारचं वजन अजून चालू आहे. चार वाजले की ज्याने त्याने आपापला भाग काट्यावर ठेवायचा, मी आकडा मोठ्याने वाचायचा, आणि लिहून दिलेल्या वजनापेक्षा भाग जड निघाला तर त्याने आठवडाभर सगळ्यांचे कप विसळायचे. गाडी हलकी तर बॅटरी लहान, आणि बॅटरी लहान तर तिच्या धातूंसाठी खाणीतून माती कमी उकरायची, हे तूच पहिल्या दिवशी आमच्या गळी उतरवलं होतंस. तुझं म्हणणं बॅटरीवाल्याने इतकं मनावर घेतलंय की त्याने स्टिअरिंगला भोकं पाडली. इतकी पाडली की वळताना ते त्याच्या हातातच आलं. नवीन केलंय, बिनभोकांचं.

आणि तो शुक्रवार. तागाच्या कापडाचे थर, एरंडेलापासून केलेलं रेझिन, एकेक थर तळहाताने दाबून बसवलेला, असं तुझं तळाचं पॅनेल. सुताराची लेक तू, नुसतं उचलून वजन सांगायचीस आणि ते बरोबर निघायचं. खरं सांगू? मला ते खुपायचं. मी दोन वर्षं आकड्यांशी झटापट करतेय आणि ही बाई हातानेच मोजते. तू कागदावर सहा किलो दोनशे लिहिलं होतंस. मी वाचलं, आठ किलो नऊशे. तू म्हणालीस, परत बघ. मी पॅनेल उचललं, परत ठेवलं, आकडा तोच. वर सगळ्यांसमोर म्हणाले की काटा समोर कुणाची लेक आहे ते बघत नाही. सगळे हसले. मग कॅप्टनने विचारलं, आकडा मुद्दाम कमी लिहिला होतास का. तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि निघून गेलीस. मी तुझ्या मागे आले नाही. ते हसणं मला आवडलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

तुझ्या पॅनेलच्या जागी आम्ही तयार फायबरग्लासचं बसवलं. वजनात बसलं, दिसायलाही झकास. परवा स्पर्धेच्या तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी ब्रेक बघितले, वायरी बघितल्या, आणि शेवटी गुडघ्यावर बसून विचारलं की गाडी मोडीत निघाली की या तळाचं काय करणार. फायबरग्लास तागासारखं कुजत नाही, हे आम्हाला तेव्हा आठवलं. बॅटरीवाला म्हणाला, कुंडी करता येईल. बाई हसल्या, पण सोमवारपर्यंत नीट उत्तर मिळालं नाही तर पर्यावरणाच्या गटातून आपलं नाव काढणार असं लिहून गेल्या.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. काल दुपारी मी एकटीच सीटचं वजन करत होते. सीट काट्याहून रुंद, म्हणून खाली लाकडी फळी घातली, तुझ्या पॅनेलखाली घातली होती तीच. सीट जड निघाली, बरीच जड, म्हणून मी काय काय केलं ते पुन्हा आठवून पाहिलं. फळी ठेवायची आणि मग शून्याचं बटण दाबायचं, असा क्रम असतो. मी बटण आधी दाबलं होतं, म्हणजे त्या शुक्रवारीही तसंच केलं असणार. सीट काढून नुसत्या फळीचं वजन केलं: दोन किलो सातशे. तुझ्या सहा दोनशेत मिळवून बघ. मी सात वेळा मिळवलं. तुझं पॅनेल काकांनी कपाटामागे कापडात गुंडाळून ठेवलंय, कुणाला टाकू दिलं नाही. ते काढून वजन केलं तर सहा किलो दोनशे. चूक तुझी नव्हती, कागदाची नव्हती, काट्याचीही नव्हती. माझी होती, आणि ती मी तोऱ्यात केली. मला माफ कर. अजून कुणाला सांगितलेलं नाही, आधी तुला कळायला हवं होतं. उद्या, शुक्रवारी, चार वाजता सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. पण आलीस तर फळी तू ठेव, बटण तू दाब, आणि आकडा तूच वाच, मोठ्याने. मी कॅप्टनच्या शेजारी उभी राहून ऐकेन.

अजून म्हणू देणार असशील तर तुझीच,
काटेवाली