ही आली की लागणारा दिवा

४ जानेवारी
ही काल बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट. मोठी बॅग नेली, पण हिला कमी सामानात कुठे जाताच येत नाही, त्यामुळे त्यात विशेष काही नाही.

जाताना म्हणाली, या घरात मी खोलीत आले की दिव्याला कळतं, तुला कळत नाही. मी म्हटलं, दिव्याला सेन्सर आहे. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. तरी दार फार जोरात आपटलं. बिजागरी बघायला हवी.

नवीन वर्षाचा संकल्प: रोज डायरी, तीही कागदावर. मनातलं क्लाउडवर ठेवणाऱ्यांची मला कीव येते.

६ जानेवारी
काल डायरी राहिली. काम होतं.

ही जाताना असंही म्हणाली होती की कधी वाटलं तर फोन कर. वाटलं. पण फोन ही मागासलेली गोष्ट आहे. समोरचा जेवतोय की झोपलाय याचा विचार न करता त्याच्या कानाशी घंटा वाजवायची, याला काय अर्थ? माझा स्वतःचा फोन कायम सायलेंट असतो. त्यापेक्षा मुद्देसूद मेसेज पाठवला. तीन मुद्दे, उपमुद्दे, शेवटी सारांश. तिसऱ्या मुद्द्यात घर शांत वाटतं असंही घातलं.

वाचला. उत्तर नाही. विचार करत असेल. एवढा मोठा मेसेज आहे, वेळ लागणारच.

१२ जानेवारी
ही खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसायची आणि दिवा विझायचा. न हलता बसलं की खोलीत कोणी नाही असं सिस्टिमला वाटतं. मग ही हात वर करून ओवाळायची, दिवा लागायचा, पुन्हा वाचन. हिने तक्रार केली की मी सांगायचो, मधूनमधून हात हलवत जा, मानेलाही बरं.

आज त्या खुर्चीत बसलो. दिवा विझला. हात हलवला. लागला. पुन्हा विझला. चार-पाच वेळा झाल्यावर मला संताप आला. कोणत्या गाढवाने हे बसवलंय, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. मग आठवलं.

विझण्याची वेळ वाढवली. पाच मिनिटांचं काम होतं. दोन वर्षं राहून गेलं होतं.

१५ जानेवारी
घराचं डिजिटल धोरण आज पक्कं केलं.

एक: दारावरच्या बेलचा आवाज बंद. बेल म्हणजे फोनचीच थोरली बहीण. कोण आलं, कोण गेलं, याचा सारांश रोज संध्याकाळी सात वाजता एकत्र येईल. लक्ष विचलित होत नाही.

दोन: दाराच्या बोटाच्या कुलपाची साफसफाई. पाहिलं तर त्यात जुना प्लंबर, रंगारी, दोन दिवस राहून गेलेला मावसभाऊ, सगळे अजून आहेत! कोणीही बोट लावावं आणि आत यावं. धर्मशाळा आहे का? ऑफिसात माझाच नियम आहे: तीन महिने न वापरलेला प्रवेश आपोआप रद्द. तोच घरी लावला. अपवाद कोणालाही नाही. एकदा अपवाद केला की धोरणाचे तीन तेरा वाजतात. प्रवेश नाकारताना दारावर दिसणारा मजकूरही मीच लिहिला, शुद्ध आणि सौजन्यपूर्ण: ‘आपला प्रवेश रद्द करण्यात आला आहे. धन्यवाद.’

लोक नुसती व्याख्यानं देतात. मी घरात पाळतो.

२७ जानेवारी
चार दिवस जरा लांबले आहेत.

आम्ही दोघं एक मालिका बघत होतो. टीव्हीवर दिसतं की ही तिकडे पुढचे भाग बघते आहे. मीही तेवढेच बघतो, एकही जास्त नाही. म्हणजे ही आली की गोष्ट समजावून सांगायला नको, जिथे आहोत तिथून पुढे सुरू.

आज टीव्हीने विचारलं, हे खातं वापरणारी दुसरी व्यक्ती याच घरात राहते का? एक घर, एक खातं हे धोरण मला पूर्ण पटतं, त्यावरून मी ऑफिसात लोकांशी कडाकडा भांडलोय. प्रश्न बराच वेळ पडद्यावर होता. ‘हो’ दाबलं.

९ फेब्रुवारी
आनंदाची बातमी! हिच्या नावाचं पार्सल आलं. आपल्या घरी!

म्हणजे खरेदीच्या अ‍ॅपवर हिने घराचा पत्ता बदललेला नाही. लोकांना वाटतं माणसाचं मन त्याच्या बोलण्यातून कळतं. खोटं. मन कळतं ते डिफॉल्टमधून. जी गोष्ट आपण बदलत नाही, तीच आपल्याला हवी असते.

पार्सल फोडलं. मांजराचं खाणं, मोठी पिशवी. आपल्याकडे मांजर नाही. मेहुणीकडे आहे. तासभर विचार केल्यावर उलगडा झाला: ही येताना मांजर घेऊन येणार. मला मांजरं आवडत नाहीत, पण आता त्यावर अडून बसायचं नाही. पिशवी स्वयंपाकघरात कोरड्या जागी ठेवली.

२२ फेब्रुवारी
दिव्याला कळतं, तुला कळत नाही. हे वाक्य डोक्यातून जात नाही. शेवटी लक्षात आलं की ही तक्रार नव्हती, रिक्वायरमेंट होती! तेव्हाच नीट ऐकलं असतं तर एव्हाना डिलिव्हरी झाली असती.

सुट्टीचा पूर्ण दिवस बसलो. आता हिने कुलपाला बोट लावलं आणि दार उघडलं की माझ्या टेबलावरचा दिवा लुकलुकू लागतो. मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असलो तरी डोळ्यांना दिसणार. आणि तो आपोआप थांबत नाही. मी स्वतः उठून, बटण दाबून बंद करेपर्यंत लुकलुकत राहतो. म्हणजे मला उठावंच लागेल, आणि उठलोच तर दारापर्यंत जाईन.

इतकं सुंदर काम मी ऑफिसासाठी कधी केलेलं नाही. हिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

७ मार्च
ऑफिसात आमच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टर बाईंना दिव्याचा कोड दाखवला. नुसता कौतुकासाठी. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, दार उघडलं तर दिवा लागतो, हे छान. नाही उघडलं तर?

मी हसलो. म्हटलं, अहो, ती घरची आहे, तिच्यासाठी दार का उघडणार नाही? त्या म्हणाल्या, तुम्हीच आम्हाला शिकवता ना सर, काही चुकलं तर काय, ती बाजू आधी लिहा म्हणून. मी म्हटलं, ते ऑफिसात.

टेस्टर लोकांचा स्वभावच संशयी. त्यांच्या घरच्यांचं कसं होत असेल.

२५ मार्च
पार्सलं थांबली आहेत. अ‍ॅपवर आमच्या सामायिक खात्यात पाहिलं तर डिफॉल्ट पत्ता बदलला आहे. मेहुणीचा.

काही दिवसांसाठी असेल. मांजर उपाशी राहू नये म्हणून.

मालिका हिने संपवली. मी शेवटचा भाग ठेवला आहे.

३ एप्रिल
फोन करायचं ठरवलं. आधी काय बोलायचं ते लिहून काढलं. तीन मसुदे झाले. तिसऱ्यात अनुक्रमणिका आली तेव्हा थांबलो. माफ कर आणि परत ये एवढंच सांगायचं आहे, पण नुसतं तेवढं म्हटलं की फार उघडं वाटतं.

आठ तारखेला माझं व्याख्यान आहे, त्यानंतर करतो. ते एकदा डोक्यावरून उतरलं की मोकळा.

८ एप्रिल
व्याख्यान जोरदार झालं! ऑनलाइन होतं, पण लोक शेवटपर्यंत होते. विषय: सार्वजनिक डिजिटल सेवा आणि सामान्य माणूस. मी सगळ्यांची हजेरी घेतली. ओटीपी येत नाही, पासवर्ड चालत नाही, म्हातारी माणसं खिडकीशी ताटकळतात, आणि मशीन सांगतं की तुमची नोंद सापडत नाही. शेवटी मी म्हणालो की जी व्यवस्था आपल्याच माणसाला दारात उभं ठेवते, तिला मी तंत्रज्ञान म्हणायला तयार नाही. यावर टाळ्यांची चित्रं इतकी आली की पडदा भरला. हे वाक्य मी आवाज चढवून दोनदा म्हटलं.

सातचा सारांश: दारावर हालचाल, पाच वेळा. कुरिअरवाला असेल. उघडून बघितलं नाही.

ही ऐकायला हवी होती.

९ एप्रिल, सकाळ
समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अरे, काल तुझी बायको आली होती, तू दार का नाही उघडलंस?

मी म्हटलं, काल कोणी आलं नाही. काकू म्हणाल्या, मी काय स्वप्नात बघितलं का? मोठी बॅग होती, हातात मांजराची टोपली होती. बोट लावलं, दार लाल झालं. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. बेल दाबली. मी तिला म्हटलं, आत आहे गं तो, बोलतोय बघ जोरजोरात. मग पोर तिथेच पायरीवर बसली. मी चहाला बोलावलं तर नको म्हणाली. बऱ्याच वेळाने उठून गेली.

मी वर आलो. कुलपातली नोंद उघडून पाहिली. जानेवारीपासून हिने दाराला बोट लावलं नव्हतं. तीन महिने झाले होते. नियम चोख चालला होता. हिचा प्रवेश रद्द झाला होता, रंगाऱ्याच्या आणि प्लंबरच्या रांगेत.

दिवा लागला नाही, कारण दार उघडलं नाही. दार उघडलं नाही तर काय, हे मी लिहिलंच नव्हतं.

मांजर घेऊन आली होती. तेवढं माझं बरोबर होतं.

९ एप्रिल, दुपार
फोन केला. काही न लिहिता. पहिल्याच रिंगला उचलला.

मी म्हटलं, ते दार मी नाही बंद केलं, ते आपोआप झालं, सगळ्यांना सारखाच नियम आहे. ही म्हणाली, हो ना, मी सगळ्यांतलीच.

मग म्हणाली की चिडलेली नाही, खरंच नाही. आतून तुझा आवाज येत होता. आपल्या माणसाला दारात उभं ठेवू नये म्हणून सांगत होतास. छान बोलत होतास. इतक्या पोटतिडकीने तू माझ्याशी कधी बोलला नाहीस, म्हणून ऐकत बसले. संपलं तशी निघाले.

हिने फोन ठेवला नाही. वाट बघत होती असं आता वाटतं. परत ये, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, बोट परत रजिस्टर करायला यावं लागणार नाही, मी इथूनच चालू करतो.

बरं, म्हणाली. राहिलेलं सामान न्यायला येईन कधीतरी.

छातीत फार दुखतंय. डॉक्टरकडे जाण्यासारखं नाही.

१० एप्रिल
रात्रभर विचार केला. ही ‘येईन’ म्हणाली आहे. सामान वगैरे निमित्त असतं. माणूस आला की बसतो, चहा होतो, बोलणं निघतं.

हिचा प्रवेश कायमचा केला. अपवाद. धोरण गेलं खड्ड्यात. बेलचा आवाज चालू. फोनचाही. दिव्याचा कोड पुन्हा लिहिला: उघडलं तरी लागेल, नाही उघडलं तरी लागेल, नुसतं कोणी दाराशी उभं राहिलं तरी लागेल. टेस्टर बाईंना दाखवला. त्यांनी या वेळी काही विचारलं नाही. चांगलं आहे सर, एवढंच म्हणाल्या.

‘परत ये’ हे शब्द आरशासमोर म्हणून पाहिले. जमतात.

१६ एप्रिल
आठवडाभर टेबल सोडलेलं नाही. दिवा कुरिअरवाल्याला लागतो, काकूंना लागतो, एकदा कबुतराला लागला. दर वेळी धावत जातो.

उद्या मात्र ऑफिसात प्रत्यक्ष जावं लागणार, वार्षिक आढावा आहे, दहा ते पाच. कॅलेंडरमध्ये टाकलं. माझं कॅलेंडर हिला दिसतं. पारदर्शकता असावी म्हणून मीच लग्नानंतर शेअर केलं होतं. हिने ते कधी उघडून पाहिलं नाही अशी माझी तक्रार होती.

१७ एप्रिल, संध्याकाळ
आढावा चांगला झाला. जिना चढताना काकू दारातच होत्या. बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, दुपारी आली होती, बहिणीला घेऊन. आज लगेच उघडलं हो दार. म्हणाली, काकू, आज ओळखलं बघा मला. हसत होती, पण डोळे पुसत होती.

कपाट रिकामं आहे. पुस्तकं नाहीत. मांजराच्या खाण्याची पिशवी नाही. खुर्ची आहे, तिच्या गादीवर बसल्याची खूण आहे. दार हळूच ओढून घेतलेलं होतं.

त्या खुर्चीत बसून लिहितो आहे. परत ये. परत ये. परत ये. आता अजिबात अडखळत नाही.

आतल्या खोलीत टेबलावरचा दिवा दुपारपासून लुकलुकतो आहे. मी उठून बटण दाबेपर्यंत तो थांबणार नाही. उठलेलो नाही.

ती आली होती. दिव्याला कळलं.