पंच्याऐंशी की पंच्याण्णव

४ नोव्हेंबर, मंगळवार

एस्टर की ईथर? डोकं नुसतं भणभणलंय!

दोन्ही टीपीयूच. म्हणजे रबरासारखं वाकणारं प्लास्टिक. आमच्या कारखान्यात त्याचे पाइप आणि ट्रॉलीची चाकं होतात. दाणे साबुदाण्यासारखे. एस्टरची पोती डावीकडे, ईथरची उजवीकडे, मिसळायची नाहीत — इतकी वर्षं स्टोअर सांभाळतेय, पण का मिसळायची नाहीत हे कधी विचारलं नाही. ती वेळ आईच्या पायाने आणली.

आईची शुगर जुनी. पायाला काही लागलं तरी तिला कळत नाही. उन्हाळ्यात गावी, तिसगावला, करंगळीखाली बाभळीचा काटा शिरला आणि ही बाई तशीच सगळा बाजार करून आली! लक्षात आलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. काढावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही. पाऊल जाईल." तेव्हापासून तिला इकडे नगरला माझ्याकडे आणलंय. सारखी तिच्या पायांकडे बघत असते मी. भीती वाटते.

आमच्या डिझाइनमधल्या सविताने शब्द दिलाय — डॉक्टरांकडून माप घेऊन ती थ्रीडी प्रिंटरवर आईच्या पायाला बेतून चपलेचे तळ काढून देणार. "फक्त मटेरियल कुठलं ते तुम्ही ठरवा, ताई."

फक्त!

५ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत सविताने समजावलं. एस्टर घासायला चिवट, सहजी झिजत नाही. पण सतत ओल राहिली की काही वर्षांत आतून भुसभुशीत होतं, तुकडे पडतात. ईथर पाण्याला भीक घालत नाही, बुरशी धरत नाही — पण खडीवर घासलं की लवकर झिजतं. या दोघांच्या मधलं तिसरंही एक असतं म्हणे. ते आपल्याकडे येतच नाही. मग सांगितलंस कशाला!

वर कडकपणाचे आकडे वेगळेच. पंच्याऐंशी म्हणजे मऊ, पंच्याण्णव म्हणजे कडक. मऊ घेतलं तर पाय नीट बसतो, दाब एका जागी येत नाही. कडक घेतलं तर काटा आत घुसायला जड. आईला दाबही नको आणि काटाही नको. आता बोला.

घरी येताना उजवी चप्पल रिक्षातच राहिली. तीन जिने चढून दारात आले तेव्हा कुठे बघितलं! चेतन हसून हसून बेजार. "प्लास्टिक चढलंय बायकोच्या डोक्यात." हसू दे. डोकं ठिकाणावर नाही हे खरंच आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एस्टर. ठरलं. आई बरी झाली की तिसगावला पळणारच, आणि तिथे सगळा मुरूम. झिजणारं काय कामाचं?

८ नोव्हेंबर, शनिवार

नाही ठरलं. पावसाळ्याचं काय?

९ नोव्हेंबर, रविवार

आज आईला वंदनेला विहारात नेलं. चपला बाहेर. ते ठीक. येताना किराणा दुकानात शिरलो तर पायरीखाली चपला काढून आत! दुकानदार म्हणतोय, "मावशी, राहू द्या, या तशाच." ऐकेल तर आई कसली. मग आठवलं, डॉक्टरांच्या केबिनबाहेरही तिने अशाच काढल्या होत्या. पायाच्या डॉक्टरांच्या! उंबरा आला की हिचे पाय आपोआप चपलेबाहेर.

आणि घरात तर विचारूच नका. मोरीत अनवाणी, ओट्याशी अनवाणी, गॅलरीत कपडे वाळत घालताना अनवाणी. मी मुरमाचे विचार करत बसले आणि बाई दिवसभर फरशीवर! संध्याकाळी ओट्याखाली झाडू फिरवला तर लोणच्याच्या फुटलेल्या बरणीची काच निघाली. लांबट, टोकदार. तिथेच उभी राहून ती सकाळी भाकरी करते.

मग भांडणच झालं.

"आई, उद्यापासून घरात चप्पल घालायची."

"घरात? आन् सैपाकघरात बी?"

"हो."

"चपला घालून भाकरी थापू व्हय? मला न्हाई जमायचं, भारे."

"पाय जाईल ना तुझा!"

"माजा पाय हाय. जाईल न्हाई तर ऱ्हाईल."

मी ओरडले. नको ते बोलले. नंतर मोरीत नळ सोडून रडले. हिला कळत कसं नाही? स्वतःचाच पाय, आणि काळजी करायची मी! राग येतो नुसता.

बऱ्याच वेळाने मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कवाच भाईर न गेलेली आसंल, तर घालीन. भाईरची न्हाई चालायची."

१० नोव्हेंबर, सोमवार

म्हणजे घरातली, कोरी. मोरीचं पाणी, साबण, रोज घासून धुणं — मग ईथर! किती साधं होतं! उड्या मारत सविताकडे गेले. ती म्हणाली, "छान. पंच्याऐंशी की पंच्याण्णव?"

झालं. पुन्हा मूळपदावर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सविताने दोन नमुने दिले — पायाखाली मावतील अशा जाड पट्ट्या. आकार एकच, रंग एकच, एकाच्या खाली निळा ठिपका. कुठला मऊ ते मुद्दाम सांगितलं नाही. "अनवाणी उभ्या राहा आणि पायालाच विचारा."

पायाला विचारलं. पाय काही बोलेना! आधी या पट्टीवर, मग दुसरीवर. डोळे मिटून, उघडून. काडीचा फरक नाही. चेतन एकदाच उभा राहिला. "ही गादी, हा पाट. यात विचार काय करायचा?" आईला उभं केलं. आई म्हणाली, "मला तर दोनी सारकीच."

आई म्हणते सारखीच, मी म्हणते सारखीच. घरात दोनच शहाण्या!

आईचं समजू शकते. पण मला का कळू नये? स्टोअरमध्ये जन्म चाललाय माझा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सवितालाच धरलं. "तू चुकून दोन्ही एकाच मालाचे काढलेस." ती बिचारी गोंधळली. कडकपणा मोजायचं काट्याचं यंत्र दाबून दाखवलं — एक पंच्याऐंशी, एक पंच्याण्णव. मग म्हणाली, "अंगठ्याने दाबून बघा ना, ताई."

हाताच्या अंगठ्याने दाबलं. ठिपक्याचा दगडासारखा, दुसरा लोण्यासारखा! डोळे मिटूनही कळलं.

तिथेच चप्पल काढून पुन्हा उभी राहिले. सारखेच.

हाताला कळतं आणि पायाला नाही, हा काय प्रकार? सविता म्हणाली, "दमला असाल." असेन. आईच्या मागे धावून धावून जीव मेटाकुटीला आलाय. कारखान्यातल्या तपासणी शिबिरात तर मलाही "गोड कमी करा" म्हणाले होते — ते काय, सगळ्यांनाच म्हणतात.

सोमवारी आईला दाखवायचंच आहे. कुठला नंबर ते डॉक्टरांनाच विचारते. मला नाही ठरवता येत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, पंच्याऐंशी. घरातल्या घरात मऊच बरं. सुटले!

आईचे पाय तपासताना ते नायलॉनचा जाड धागा तळव्याला टेकवतात, "लागलं की सांगा" म्हणतात. तिचं झाल्यावर त्यांना पट्ट्यांची गंमत सांगितली. ते हसले नाहीत. "तुम्ही बसा बरं जरा. चपला काढा. डोळे मिटा."

डोळे मिटले. बसून राहिले. काहीच होईना. वाटलं, फोन आला असेल त्यांना.

"करा ना सुरू, डॉक्टर."

मग आईचा आवाज आला, अगदी जवळून —

"झालं की गं, भारे. दोनी पायाचं झालं."