कॉनीचा डावा हात

ग्लव्हर्सव्हिल,
३ एप्रिल १८८४

चि. कॉर्नेलियस यास,
ऑनोरा आत्याचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. बर्फ वितळलं आणि कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतला वास परत आला, म्हणजे वसंत आला म्हणायचा. याही हिवाळ्यात तू घरी आला नाहीस. नाताळात तुझं ताट मांडलं होतं. अखेर तुझ्या वाट्याचं हंसाचं मांस फादर क्विनलननी संपवलं, आणि तुला आशीर्वाद देत देत संपवलं.

गावातल्या बायका मला चिडवतात. म्हणतात, ऑनोरा, अख्खं गाव हातमोजे शिवून जेवतं, आणि तुझा भाचा मात्र दगडासारखे चेंडू उघड्या हातांनी अडवतो! मी हसण्यावारी नेते. पण मागच्या उन्हाळ्यात तुझं मधलं बोट मोडल्याचं कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बेसबॉल काही म्हातारपणापर्यंत खेळता येत नाही, बाळा. कातडं बेतायचं तुझ्या बाबांचं मेज मी अजून विकलेलं नाही. पण कातडं किती ताणलं हे बोटांनाच कळलं नाही, तर त्या मेजाशी उभा राहून करशील काय?

म्हणून एक हातमोजा शिवला आहे. डाव्या हाताचा, हरणाच्या मऊ कातड्याचा. बोटांची टोकं उघडी ठेवलीत, चेंडू पकडता यावा म्हणून. रंग तुझ्या कातडीसारखाच दिला आहे, लांबून कुणाला दिसायचा नाही. माप तू घर सोडलंस तेव्हाचं. बाबा कागदावर तुझा हात ठेवून पेन्सिल फिरवत होते आणि तू गुदगुल्यांनी असा हसत होतास की करंगळीची रेघ नागमोडी आली! ती मी सरळ केली. टीप मठातल्या सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेली आहे, उसवणार नाही. पुडकं उद्याच्या टपालाने निघेल.

लोभ आहेच, तो पत्रातून कळू दे, वर्तमानपत्रातून नको.

तुझी,
ऑनोरा आत्या


सिराक्यूज,
१६ एप्रिल १८८४

ती. आत्यास,
कॉनीचा सा. न. वि. वि.

पुडकं पोचलं. आत्या, काय हात आहे तुझा! हातमोजा ओतल्यासारखा बसला. रंग असा जमलाय की शेजारी उभं राहूनही कळत नाही. कालच्या सामन्यात घातला होता, दुसऱ्या बेसजवळून एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही.

बोट कधीच बरं झालं. फक्त एक सांगतो, रोज घालायचा आग्रह धरू नकोस. पलीकडच्या संघातल्या एकाने मागच्या वर्षी घातला होता, तर लोकांनी त्याला आजीबाई, विणकाम कुठे ठेवलंस, असं विचारून रडकुंडीला आणलं. आमचे कप्तान हॅलक तर म्हणतात, ज्याला हात झाकायचेत त्याने चर्चमध्ये जाऊन बसावं.

माझ्या खोलीत ऑगस्ट लिंडेमान म्हणून जर्मन गडी राहतो. पहिल्या बेसवर असतो, मी फेकलेले चेंडू तोच झेलतो. तो तुला नमस्कार सांगतो आणि तुझ्या सफरचंदाच्या केकबद्दल पुन्हा पुन्हा विचारतो. सुचवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

माया आहे तशी असू दे.

तुझा,
कॉनी


ग्लव्हर्सव्हिल,
२४ एप्रिल १८८४

चि. कॉनीस, अ. आ.

काल चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादर क्विनलननी मला बाजूला घेतलं. आधी घसा खाकरला, मग अगदी नम्रपणे म्हणाले की, ऑनोरा, थंडीसाठी मी केसाळ अस्तराचे काळे हातमोजे सांगितले होते, जोडीने. तू एकच पाठवलास, त्याला बोटं अर्धी आणि रंग उघड्या माणसाचा. हे काही प्रायश्चित्त आहे का?

दोन्ही पुडकी एकाच कागदात बांधली होती रे. वर नावं लिहिताना अदलाबदल झाली.

म्हणजे तुझ्याकडे फादरांची काळी जोडी आली. ती तुला ओतल्यासारखी बसली! तुझ्या कातडीचा रंग जमला! आधी मी इतकी हसले की चष्मा काढावा लागला. मग हसू थांबलं. कॉनी, तू पुडकं उघडलंच नाहीस. का उघडलं नाहीस? रागावणार नाही, पण खरं लिही.

वाट पाहते.

आत्या


सिराक्यूज,
१२ मे १८८४

मिसेस डेलाहंट यांस,
ऑगस्ट लिंडेमान याचा स. न. वि. वि.

ओळख नसताना लिहितो, क्षमा असावी. तुमचं शेवटचं पत्र कॉनीच्या उशाशी पडून आहे. तो उत्तर लिहायला बसतो आणि कागद चुरगाळतो. म्हणून मीच लिहितो. त्याला कळलं तर माझ्या डोक्यात बॅट घालेल.

पुडकं अजून तसंच आहे. तुमची गाठ फार घट्ट असते. ती सोडायला दोन्ही हातांची बोटं लागतात, आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. सकाळी शर्टाची बटणं मी लावतो. गाठ मी सोडतो म्हटलं तर म्हणाला, आत्याने माझ्यासाठी बांधलंय, मीच सोडीन.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक जोराचा तडाखा बसला की हा हात कशाच्याच उपयोगाचा राहणार नाही. हॅलकना यातलं काही ठाऊक नाही. चेंडू सुटतात एवढंच त्यांना दिसतं. महिनाअखेरीस, सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहण्याच्या दिवशी मोठा सामना आहे. तोपर्यंत बघतो, नाहीतर संघातून काढतो, म्हणालेत. त्याला घरी बोलवा असं मी म्हणत नाही, तो यायचा नाही. पण तो हातमोजा पाठवा.

आपला नम्र,
ऑगस्ट


ग्लव्हर्सव्हिल,
१७ मे १८८४

चि. कॉनीस, अ. आ.

फादरांकडून हातमोजा परत आणला. पाठवते आहे. या वेळी दोरी नाही, गाठ नाही, कागद नुसता दुमडला आहे.

तू हिवाळ्यात का येत नव्हतास ते आता कळलं. दारात आल्याबरोबर मी हात हातात घेतला असता, म्हणून ना? वेडा आहेस. लोक आजीबाई म्हणतील तर म्हणू देत. मी रोज आरशात एक बघते, इतकी काही वाईट दिसत नाही.

घाल किंवा घालू नकोस. पण मला पुन्हा खोटं लिहू नकोस, एवढंच मागते. केक ऑगस्टसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

तुझी,
आत्या


सिराक्यूज,
२ जून १८८४

ती. आत्यास, सा. न.

घातला.

मैदानात पाऊल टाकल्याबरोबर रंगाने दगा दिला. तिसऱ्या बाकावरच्या एका जाड्याला दिसलाच. मग काय विचारतेस! आजीबाई, नातवंडं कशी आहेत? आजीबाई, शाल आणू का? पहिला चेंडू घाबरून सोडला, तेव्हा तर अख्खं मैदान हसलं. हॅलक बाकावरून ओरडले, काढ ते. मी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढे एक चेंडू सरळ तोफेसारखा आला. डाव्या हाताने अडवला आणि ऑगस्टकडे फेकला. हात झिणझिणला, पण आत्या, दुखला नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दुखला नाही.

सामना हरलो. हॅलकनी जवळ बोलावून विचारलं, उद्याही हे घालणार आहेस का? मी हो म्हटलं. ते माझ्या हाताकडे बघून म्हणाले, मग उद्या वेळेवर ये.

एक तक्रार आहे. हातमोजा तिसऱ्या बोटाशी अडतो. बाबांनी माप घेतलं तो हात आता राहिला नाही. नवीन शिवायला हवा. ऑगस्ट म्हणाला, कागदावर हात ठेव, मी रेघ मारतो, टपालाने धाडू. मी नको म्हटलं. शनिवारी ऑल्बनीला सामना आहे आणि रविवारी सुट्टी. तिथूनच सकाळच्या गाडीने घरी येतो. माप तूच घे. हात बघून रडू आलं तर रड, पण पुरे झाल्यावर सोड, सोमवारी खेळायचं आहे.

तुझा,
कॉनी