साखर बघणारा घोट

तिमिमून, रविवार

प्रिय तासादित,

तुम्हां सगळ्यांवर देवाची कृपा असो. मी मजेत आहे. पंपाचं काम मार्गी लागलंय, खजूर खाऊन वजनही वाढलंय. आईचा गुडघा कसा आहे? दोन महिने तुझं पत्र नाही. इकडे टपालच उशिरा येतं म्हणे.

काल माझी चांगलीच फजिती झाली. घरमालकीण लल्ला मबरूका चहा देण्याआधी स्वतः एक घोट घेते. मला वाटलं, चहात काही कालवलेलं नाही हे दाखवायला घेते. म्हणून चारचौघांत म्हणालो, “लल्ला, चाखू नका. माझा तुमच्यावर विश्वास आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग ती म्हणाली, “अरे बाबा, संशयाचं नाव तरी कुणी काढलं होतं? मी साखर बघत होते!”

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मला मात्र हसू आलं नाही.

घरून निघताना दारात मी तुला तीनदा म्हणालो होतो, “माझा तुझ्यावर विश्वास आहे.” तू तोंड फिरवलंस. मला वाटलं, रडतेयस.

तूही संशयाचं नाव काढलं नव्हतंस, तासादित. ते मीच काढलं. ते शब्द परत घेतो. दोन ओळी तरी लिही.

टपालाला उगाच दोष देणारा,
तुझा इदीर