सासऱ्यांनी दिलेली दुनळी

तीर्थरूप मामांना जावयाचा नमस्कार (वाकूनच, पण एक डोळा वर ठेवून).

तुमची तब्येत ठणठणीत असेलच. माझीही आहे, आणि याचं तुम्हाला नवल वाटलं तर तसं कळवा. तुम्ही मोठ्या मायेनं पाठवलेली जुनी दुनळी बंदूक पोचली, सोबत नव्या काडतुसांचा डबाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, जावयाला कधी साधा रुमाल दिला नाहीत (मागितलाही नव्हता, ते सोडा), आणि एकदम पणजोबांच्या काळची बंदूक! तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली.

तरी काडतूस घालून पाहिलं. अलगद बसलं. रविवारी नेमबाजीच्या क्लबात मातीच्या तबकड्या उडवणार, असं मी चारचौघांत सांगूनही बसलो. पण खबरदारी म्हणून बंदूक आधी कारागिराकडे नेली (हाही साधा नाही, बोलतो आपल्याशी, बघतो बंदुकीकडे). त्यानं नळीत माप घातलं, खालचे शिक्के भिंगातून पाहिले आणि मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, "साहेब, आत जातं ते काडतूस चालतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सांगितलं तुम्हीच. त्याचं म्हणणं, ही नळी जुन्या काळ्या दारूसाठी पट्ट्या पिळून घडवलेली. नव्या दारूचा जोर तिला झेपेलच असं नाही. शिवाय नळीतलं काडतुसाचं घर आखूड, पण काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते बसतं. बार झाला की तोंड उलगडतं, जागा पुरत नाही, दाब वाढतो, आणि नळी फुटली तर डाव्या हाताचं काही खरं नाही. नीट तपासून घेतली तर आखूड, कमी जोराची काडतुसं कदाचित चालतील, नाहीतर भिंतीला टांगा म्हणाला (भिंत त्याचीच असणार, असा मला वास आला).

मामा, स्पष्टच विचारतो. मी घरजावई व्हायला नाही म्हटलं, ते अजून मनात आहे का? की पत्त्यांत हरवलं, ते? उत्तर लेखी द्या.

आपला, तूर्त शाबूत,
जावई

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुमच्या मुलीनं पत्र वाचलं. हसेल असं वाटलं होतं, तर तिनं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, ही जोडीतली एक. दुसरी बाबांकडेच आहे, आणि दर रविवारी ते हीच काडतुसं घेऊन तळ्याकाठी जातात. म्हणजे मामा, तुम्ही स्वतः वापरता तेच मला दिलंत. वरचं सगळं खोडलं असं समजा. मला लाज वाटते आहे, आणि त्याहून जास्त भीती. ती बंदूक उडवू नका.

ता. ता. क. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र देऊन मेहुण्याला गाडीनं पिटाळतोय. जावयाला आता दुसरीही बंदूक लाटायची आहे, असं तुम्ही म्हणणार. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तर माझ्याकडे देऊ नका, तुमच्या भरवशाच्या कारागिराला दाखवा. आणि मग इकडे येऊन या पत्राबद्दल माझे दोन्ही कान पिरगळा. एकेका हातानं एकेक, म्हणजे तुमचे दोन्ही हात जागेवर आहेत हे तुमच्या मुलीला डोळ्यांनी बघता येईल.