मिथुनचं विमान

१८ जानेवारी २०२५

पाणपोईचं काम बघणारा राजानंद पाटीचा मजकूर घेऊन आला होता. विहाराजवळ माझ्या मुलाच्या, मिथुनच्या नावानं पाणपोई बांधतोय. १६ फेब्रुवारीला त्याला जाऊन वर्ष होईल. त्याच दिवशी पुण्यानुमोदन आणि पाटीचं अनावरण. कागदावर लिहिलंय — 'कालकथित वैमानिक मिथुन देवानंद हिवाळे यांच्या स्मरणार्थ.'

"बराबर हाय ना भाऊ?" म्हणाला. मी म्हटलं, ठेवून जा, बघतो.

बरोबर नाही. मिथुन हवाई दलात इंजिनाचा मेकॅनिक होता. विमान उडवत नव्हता. गावात हे कोणालाच माहीत नाही. भरती झाल्यावर सत्कार झाला, त्यात गुरुजी बोलून गेले, 'आपल्या गावचा वैमानिक!' टाळ्या पडल्या. मी शेजारीच बसलो होतो, गळ्यात हार. गप्प राहिलो. बारा वर्षं झाली, गप्पच आहे.

आज बोलता आलं असतं. चहा पिऊन गेला तो.

२१ जानेवारी

पुण्याहून सूनबाईचा, रूपालीचा फोन. शनिवारी या म्हणाली. प्रियाला विमानांचं संग्रहालय दाखवायचंय. "त्यांनी कबूल केलं होतं तिला. तुम्ही दोघं असलात तर बरं वाटेल दादा."

बायको, गिरिजा, म्हणाली, "मला न्हाई यायचं. तिथं जाऊन रडायचं, ते हितंच रडते की."

२२ जानेवारी

गिरिजानं पिशवी भरून ठेवली. नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू.

२४ जानेवारी

एसटीनं पुणे. गाडीचा क्लच घासत होता, ड्रायव्हरला सांगितलं. शहागडच्या अलीकडं मिथुनच्या अपघाताची ती जागा आली. गिरिजानं पदर तोंडावर घेतला. मी समोरच्या सीटकडं बघत बसलो.

२५ जानेवारी

संग्रहालय. सगळं लिहून ठेवतो.

पटांगणात सात-आठ विमानं उभी, पोटाखाली सावली. गिरिजा म्हणाली, "अगं बाई, आपल्या विहाराएवढं हाय की एकेक!" प्रिया पळत एका मोठ्या विमानाच्या तोंडापाशी गेली. पुढच्या काचेकडं बोट करून म्हणाली, "आबा, पप्पा तिथं बसायचे ना?" नऊ वर्षांची आहे. सुट्टीत गावाकडं येते, तिथल्या पोरांनी सांगितलेलं.

रूपाली माझ्याकडं बघत राहिली. गिरिजाच बोलली, "मंग! तिथंच बसायचा माझा बाबू." गिरिजालाही मी कधी खरं सांगितलेलं नाही.

तिथं माहिती द्यायला एक गृहस्थ होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकलं. विचारलं, "कोणत्या कामावर होते चिरंजीव?"

रूपाली म्हणाली, "इंजिन फिटर."

गृहस्थ एकदम खूश झाले! आम्हाला पलीकडं घेऊन गेले. तिथं एक इंजिन झाकणं काढून ठेवलंय. प्रियाला उचलून आतल्या नळ्या दाखवल्या. म्हणाले, "बाळा, वैमानिक कितीही मोठा असू दे. तुझ्या पप्पांनी तपासून सही केल्याशिवाय तो विमान हलवू शकत नव्हता."

एसटीच्या डेपोत आमचंही तेच होतं. ड्रायव्हर तक्रार लिहिणार, आम्ही दुरुस्त करून सही करणार, मग गाडी बाहेर. तीस वर्षं केलं. इंजिनाला हात लावावासा वाटला. लावू नये अशी पाटी होती, तरी लावला.

गिरिजा माझ्यापाशी आली. "म्हंजी तुमच्यासारखाच? मेकॅनिक?"

"हो."

"तुम्हाला ठाव होतं?"

"हो."

"मंग एवढी वर्षं काय लपवून राह्यलात? मी काय मेकॅनिकाच्या घरात उपाशी मेले का?"

लोक बघायला लागले. प्रिया हसली. मग गिरिजा पण हसली आणि लगेच रडायला लागली. रूपालीनं तिला बाकावर नेऊन बसवलं. दुपारी चौघांनी झाडाखाली डबा खाल्ला. प्रियानं सांडलेलं वरण विमानाच्या माहितीपत्रकानं पुसलं.

आता राहिलेलंही लिहितो. मागच्या वर्षी तो सुट्टीवर आला होता. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, हेडमास्तरांना वैमानिक पाहुणा पाहिजे होता. मी परस्पर हो म्हणालो. मिथुन म्हणाला, "मी न्हाई जाणार दादा. तिथं खोटं बसू का?" मी म्हणालो, तू बोलू नको काही, नुसता बसून ये. तेव्हा तो म्हणाला, "तुमचे ग्रीसचे हात बघून शिकलो मी. तुम्हालाच लाज वाटते त्याची."

मी म्हणालो, घर सोडून जायचं तर जा मग.

गेला. रूपाली तेव्हा गेवराईला माहेरी होती. गाडीला किक मारली, तिकडं निघाला. गिरिजा शेतात होती. दोन तासांनी फोन आला, शहागडजवळ ट्रकची धडक. सगळ्यांना मी सांगितलं, बायकोला आणायला निघाला होता.

२७ जानेवारी

घरी आलो. पाटीचा कागद तसाच पडून.

२ फेब्रुवारी

राजानंदला बोलावून सांगितलं. वैमानिक शब्द काढ. हवाई दलात इंजिन मेकॅनिक, असं लिही.

"भाऊ, कायतरीच काय! पंक्चरवाला वाटंल लोकांना."

"वाटू दे."

"शाळेतल्या पोरांना काय सांगायचं मंग? जरा इचार करा."

"बारा वर्षं केला."

मग मी त्याला बाकी सगळं सांगितलं, सत्काराचं, गुरुजींचं. स्नेहसंमेलनाचं नाही सांगितलं. राजानंद कागद घडी करून घेऊन गेला. चहा घेतला नाही.

९ फेब्रुवारी

पाटी आली. बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी

वंदना झाली, भोजनदान झालं. रूपाली, प्रिया कालच आल्या. मी चार वाक्यं बोललो. मुलगा वैमानिक नव्हता, मेकॅनिक होता, माझ्यासारखा. चूक माझी. खाली बसलो.

मागं कुजबुज झाली. मग डेपोतला जुना ड्रायव्हर अप्पाराव उठून आला आणि सगळ्यांत आधी पाणी प्यायला. म्हणाला, "मला तवाच कळलं होतं. सुट्टीवर आल्ता तवा माझी मोटरसायकल त्यानंच खोलली की! वैमानिकाची नखं अशी काळी असतात का?"

पोरं हसली. मला बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी रूपालीला स्टँडवर सोडायला गेलो. प्रिया खिडकीजवळ जाऊन बसली होती. भांडणाचं सांगून टाकलं. माझ्यावर रागावून निघाला होता म्हणालो.

"माहीत आहे दादा. शहागडला चहाला थांबून फोन केला होता त्यांनी. म्हणाले, दादांना फार बोललो, गेवराईला उद्या येतो, आता मागं फिरतो. तुम्हाला माहीत असेल असंच वाटलं मला."

गाडी सुटली.

मिथुन जात नव्हता. घरी येत होता.