फोन भरल्यावर पहिलं काय गेलं

मानवत, शुक्रवार, संध्याकाळ

आजचं वहीत लिहायलाच पाहिजे. ज्या व्हिडिओच्या ॲपवर सगळं गाव नाचायलंय, त्या कंपनीचे शेअर सोमवारी घ्यायचे आणि दहा वर्षं हलवायचे नाहीत, असं ठरवलं होतं. कॉलेज सोडलेला पोरगा काय करू शकतो, ते सारिकाच्या वडलांना दाखवायचं होतं ना! सकाळी विष्णू म्हणला, "येड्या, फॅशन हाय ती, जाईल." दोस्त असून मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

मग स्टँडवर सारिकाच भेटली. ती दिवसभर त्याच ॲपवर, म्हणून तिलाच विचारलं.

"ते? परवाच काढलं. फोन भरला होता."

"पहिलं तेच काढलंस?"

"मग! तसलं दुसरं येतंय की."

पहिलं तेच! दहा वर्षं कसली डोंबलाची? मी चिडून म्हणलं, "मग मी पाठवलेले माझे फोटो बी उडवले असशील."

"लय जागा खातेत ते. पण राहू दे म्हणलं."

राहू दे म्हणलं! एवढं बोलून झरीच्या गाडीत चढली बी.

शेअर कॅन्सल. विष्णूची माफी मागावी लागणार, पण त्याला कारण काय सांगू? फोन भरला, पहिलं ते गेलं, आणि मी राहिलो!